लुगडं ते लेगिंग: फॅशन बदलली की शिलाई मशीनचं काम कुठं जातं?

 

शिवणकाम, साडी विक्री किंवा ब्युटी पार्लर करणाऱ्या ताईंचा एक प्रश्न नेहमी असतो. "सर, आता पुढं कोणती फॅशन येणार ते सांगा ना, त्याप्रमाणं माल भरते."

प्रश्न बरोबर आहे. उत्तर मात्र कोणत्याही सिरीयलमध्ये किंवा इन्स्टाग्रामवर मिळत नाही. ते मागच्या शंभर वर्षांत मिळतं. म्हणून आज आपण मागं वळून बघणार आहोत. आपल्या आज्या काय नेसायच्या, आई काय नेसायची, मुली काय घालतात आणि हे सगळं का बदललं, ते पाहू. पण बघताना एक वही सोबत ठेवायची. त्या वहीत दोनच रकाने पाडायचे: शिलाई करणाऱ्या बाईला या बदलानं काय आणून दिलं, आणि तिच्याकडून काय काढून नेलं.

आपलं उदाहरण असेल वर्धा जिल्ह्यातलं अल्लीपूर. हिंगणघाट तालुक्यातलं हे मोठं गाव, आजूबाजूला कापूस, तूर आणि सोयाबीनची शेती. तुमचं गाव वेगळं असलं तरी चालेल, हिशोब तोच लागू पडतो.

चला, सुरू करूया.

१. लुगडं आणि चोळी: शिंप्याचं काम जवळजवळ शून्य

आपल्या पणजीच्या काळातलं नऊवारी लुगडं म्हणजे साधारण सव्वाआठ मीटर कापड. त्याला ना शिलाई, ना बटण, ना हूक. कासोटा मारला की बाई शेतात वाकू शकते, विहिरीतून पाणी ओढू शकते, बैलगाडीत चढू शकते. आज आपण त्याला "पारंपरिक पोशाख" म्हणतो, पण त्या काळी तो कामाचा पोशाख होता. हा मुद्दा पक्का लक्षात ठेवा, शेवटी याच्याकडं परत यायचं आहे.

वर खणाची चोळी, पुढं गाठ मारलेली. खण यायचा कर्नाटकातल्या गुळेदगुड्डहून, आणि बऱ्याच घरी चोळी हातानंच शिवली जायची. लुगडं मधे विरलं की दोन जुन्या लुगड्यांचे चांगले भाग जोडून "दांड" करायचे. तोही फाटला की गोधडीत जायचा. काहीच वाया जात नव्हतं.

कापड कुठून यायचं? विणकर कोष्टी समाजाच्या मागावरून, आणि पुढं गिरणीतून. जमशेटजी टाटांनी नागपूरला एम्प्रेस मिल सुरू केली ती १ जानेवारी १८७७ ला. नागपूर का? कारण कापूस इथं पिकत होता. हिंगणघाटचा कापूस तर नावानं ओळखला जायचा, आणि तिथंही कापडगिरण्या उभ्या राहिल्या.

*वहीत लिहा:* आलं काहीच नाही, गेलंही काही नाही. कापडाचा धंदा होता, शिलाईचा नव्हता.

२. १९३० ते १९५०: खादी आणि गोल पातळ

या काळात कापडाची सगळ्यात मोठी गोष्ट मुंबईत किंवा दिल्लीत घडत नव्हती, ती आपल्या वर्ध्यात घडत होती. १९३६ मध्ये गांधीजी सेवाग्रामला राहायला आले. १९३८ मध्ये वर्ध्यात मगन संग्रहालय सुरू झालं, खादी आणि ग्रामोद्योग लोकांना दाखवण्यासाठी. त्याच्याही आधीपासून जमनालाल बजाज यांच्या घरात बदल झाला होता. जानकीदेवी बजाज यांनी पडदा सोडला, दागिने सोडले, रेशीम सोडलं आणि खादी धरली. इतक्या श्रीमंत घरातल्या बाईनं जाडंभरडं कापड नेसणं हा त्या काळातला केवढा मोठा बदल! पुढं १९५६ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं.

धंद्याच्या नजरेनं बघा. कापड जाड होतं, रंग साधे होते, चमक नव्हती. तरी बायकांनी ते अभिमानानं नेसलं, कारण त्या कापडाला अर्थ होता. गिऱ्हाईक फक्त कापड विकत घेत नाही, ती स्वतःबद्दल काहीतरी सांगत असते. हे तेव्हाही खरं होतं, आजही आहे.

दुसरा बदल शहरात सुरू झाला आणि हळूहळू गावात आला. कासोट्याचं लुगडं जाऊन "गोल पातळ" आलं, म्हणजे पाचवारी, सहावारी साडी. शाळेत जाणाऱ्या मुली, मास्तरीण बाई, नर्स बाई यांनी ते आधी घेतलं. त्यावरून घराघरात वादही झाले. "गोल नेसते" म्हणजे जरा जास्तच सुधारलेली, अशी टीका व्हायची. त्यात दुसऱ्या महायुद्धात कापडाची टंचाई आली, सरकारी नियंत्रण आलं. अशा दिवसांत तीन वार कापड कमी लागणं ही लहान गोष्ट नव्हती.

पण शिलाईच्या दृष्टीनं खरी गंमत पुढं आहे. गोल साडीच्या आत परकर लागतो. वर गाठीच्या चोळीऐवजी हुकाचं पोलकं, म्हणजे ब्लाऊज लागतो. आणि ब्लाऊज मापाचाच लागतो! त्याच सुमारास, १९३० च्या दशकात, उषा शिलाई मशीन भारतातच तयार होऊ लागलं. एकीकडं मागणी आली, दुसरीकडं यंत्र आलं.

*वहीत लिहा:* आलं: परकर, ब्लाऊज आणि पाठोपाठ फॉल-पिको. गेलं: हातानं चोळी शिवण्याचं घरचं काम. आज तुमच्या दुकानात जे काम चालतं, त्याचा पाया इथं पडला.

३. १९६० आणि १९७०: नायलॉन, टेरिलिन आणि पडद्यावरची बाई

आता दोन गोष्टी एकदम आल्या: नवा धागा आणि सिनेमा.

आधी धागा. सुती साडी धुवायची, खळ घालायची, वाळवायची, इस्त्री करायची. नायलॉनची साडी धुतली की तासाभरात वाळली, इस्त्रीची गरज नाही, रंग जात नाही, वर्षानुवर्षं फाटत नाही. पाणी दुरून आणणाऱ्या बाईसाठी हा केवढा आराम! उन्हाळ्यात अंगाला चिकटायची, घाम यायचा, चुलीजवळ धोका होता. तरी बाईनं ती घेतली, कारण तिचा रोजचा एक तास वाचत होता. १९६६ मध्ये अहमदाबादजवळ नरोड्याला रिलायन्सची कापड गिरणी सुरू झाली, पुढं "विमल"च्या जाहिराती घरोघर पोचल्या. सुरतच्या प्रिंटेड साड्यांनी तर गावोगावची दुकानं भरली.

आता सिनेमा. १९६८ च्या "ब्रह्मचारी" मध्ये मुमताजनं नेसलेली केशरी साडी आठवा. अंगाला घट्ट बसणारी, आधीच शिवून घेतलेली. ती तयार केली होती भानू अथैया यांनी. त्या कोल्हापूरच्या, आपल्या मराठी मातीतल्या. पुढं "गांधी" चित्रपटाच्या वेशभूषेसाठी १९८३ मध्ये त्यांना ऑस्कर मिळालं, ऑस्कर जिंकणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. एकाच बाईनं मुमताजची झगमगती साडीही केली आणि गांधीजींच्या चळवळीचे साधे कपडेही पडद्यावर उभे केले. कारागीर म्हणजे असा! जे पात्र, जे काम, त्याला शोभेल असं शिवायचं.

१९७३ मध्ये "बॉबी" आला आणि डिंपलच्या ठिपक्यांच्या ब्लाऊजची शहरात लाट आली. गावात काय आलं? ठिपक्यांचं कापड आलं, आखूड स्कर्ट आला नाही. सिनेमातली फॅशन गावात येताना चाळणीतून येते. प्रिंट येते, रंग येतो, बाहीचा आकार येतो. पण बाईच्या रोजच्या आयुष्यात जे बसत नाही ते चाळणीवरच अडकतं.

*वहीत लिहा:* आलं: घट्ट बसणारा ब्लाऊज, बिनबाह्यांचा ब्लाऊज, वेगवेगळे गळे, म्हणजे कटिंगचं कौशल्य. गेलं: हातमागावरच्या सुती साडीचं रोजचं गिऱ्हाईक. विणकरांना याची मोठी झळ बसली.

४. १९८० आणि १९९०: पंजाबी ड्रेस, शिलाईचं सोन्याचं दशक

१८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. त्या संपानंतर अनेक गिरण्या पुन्हा नीट उभ्या राहिल्याच नाहीत. कापडाचं काम भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या यंत्रमागांवर सरकत गेलं. त्याच वर्षी टीव्ही रंगीत झाला. स्वस्त सिंथेटिक कापड आणि रंगीत पडदा, दोन्ही घरात आले.

आणि आला पंजाबी ड्रेस! नाव पंजाबी, पण काही वर्षांत तो मराठी मुलींचा कॉलेजचा पोशाख झाला. का झाला? सिनेमामुळं? थोडंसं. पण मुख्य कारण रस्त्यावर होतं. मुलगी आता एस.टी.नं तालुक्याला शिकायला जात होती, सायकल चालवत होती. पुण्याच्या कायनेटिकची लुना १९७२ पासून बाजारात होती, आणि शिक्षिका, नर्स अशा नोकरी करणाऱ्या बायका तिच्यावर बसू लागल्या होत्या. साडी नेसून सायकल चालवता येते, पण पदर चाकात जाण्याची भीती असते. ड्रेसमध्ये ती भीती कमी. मग बऱ्याच शाळांनी मोठ्या मुलींचा गणवेशच सलवार-कमीज केला.

घरात मात्र वाटाघाटी चालू होत्या. मुलीला ड्रेस चालतो, सुनेला चालत नाही. माहेरी चालतो, सासरी चालत नाही. हे आजही काही घरांत आहे. तुमच्यापैकी ज्या ताई शिवतात त्यांना हे माहीत आहे. माप देताना सासू सोबत असते आणि म्हणते, "गळा जरा वर घ्या जी, बाही कोपरापर्यंत ठेवा." सून काही बोलत नाही. नंतर एकटी येऊन सांगते, "ताई, बाही थोडी कमी केली तरी चालेल." हे दोन्ही सांभाळून जी ताई शिवते, तिचं गिऱ्हाईक तुटत नाही. तुमच्या दुकानात कापडाच्या मापासोबत घराचंही माप घेतलं जातं.

या काळात "ड्रेस मटेरियल" म्हणजे कापड कापून मिळायचं आणि शिवून घ्यावं लागायचं. एका ड्रेसला टॉप, सलवार, कधी अस्तर, कधी पायपिन. १९९४ मध्ये "हम आपके है कौन" आला आणि माधुरी दीक्षितचा जांभळा पोशाख लग्नालग्नात दिसू लागला. तोही शिवूनच घ्यावा लागायचा. दिवाळीआधी शिंप्याच्या दारात रांग लागायची आणि "आता ऑर्डर घेत नाही" असा बोर्ड लागायचा.

*वहीत लिहा:* आलं: पूर्ण ड्रेसची शिलाई, गणवेशाची शिलाई. गेलं: फारसं काही नाही. पण इथंच अनेकांनी मानून घेतलं की हे काम कायम राहणार. आणि मग पुढचं दशक आलं.

५. २००० ते २०१०: कुर्ती आली, शिलाई गेली

२००१ मध्ये होंडाची अ‍ॅक्टिव्हा आली. गिअर नाही, पुढं पाय ठेवायला जागा, मागं बाजारची पिशवी. हळूहळू आपल्या भागातही बायका तिच्यावर शेतात, बँकेत, मुलांच्या शाळेत जायला लागल्या. सिनेमात २००५ च्या "बंटी और बबली" नं कॉलरवाली आखूड कुर्ती आणि पटियाला गाजवला. पण खरा पाया बदलला तो लेगिंगमुळं.

लेगिंग म्हणजे ताणलं जाणारं होजियरीचं कापड. तिरुपूरसारख्या ठिकाणी ते प्रचंड प्रमाणात तयार होतं. त्याला माप लागत नाही, नाडी लागत नाही, शिंपी लागत नाही! एक काळी लेगिंग, त्यावर चार कुर्त्या. कुर्तीसुद्धा एम, एल, एक्सएल अशी तयार मिळते. गिऱ्हाइकाचा हिशोब सरळ झाला: कापड घ्या, अस्तर घ्या, शिलाई द्या, दोन आठवडे थांबा. किंवा हिंगणघाटला जा आणि संध्याकाळी घालून या.

*वहीत लिहा:* आलं: कमरेला टाइट करणं, बाही जोडणं, लांबी कमी करणं, म्हणजे अल्टरेशन. गेलं: पंजाबी ड्रेसची शिलाई, आणि तीही थोडी नाही, बरीचशी. ज्यांचं सगळं दुकान त्या एका कामावर उभं होतं, त्यांच्या मशीनवर कापड झाकायची वेळ आली.

इथं थांबून एक प्रश्न स्वतःला विचारा. *आज तुमच्या महिन्याच्या कमाईतला अर्ध्याहून जास्त भाग एकाच प्रकारच्या कामातून येतो का?* उत्तर "हो" असेल, तर पुढचा भाग दोनदा वाचा.

६. २०१० नंतर: जुनं परत आलं, पण शिवून

२००४ मध्ये झी मराठीवर "होम मिनिस्टर" सुरू झालं आणि पैठणी घरोघर चर्चेत आली. २०१३ मध्ये "होणार सून मी ह्या घरची" मधल्या जान्हवीच्या मंगळसूत्राची अशी लाट आली, की सोनाराकडं बायका नावानंच मागू लागल्या. २०१४ मध्ये "जय मल्हार" आलं, २०१५ च्या शेवटी "बाजीराव मस्तानी". नथ, खोपा, नऊवारी सगळं परत आलं. गुढीपाडव्याच्या शोभायात्रेत मुली नऊवारी आणि फेट्यात बुलेट चालवू लागल्या.

पण एक अडचण होती. नव्या मुलीला सव्वाआठ मीटर लुगडं नेसता येत नाही! मग काय आलं? शिवलेली नऊवारी. पायजम्यासारखी घालायची, पदर खांद्यावर टाकायचा, पाच मिनिटांत तयार. जी साडी शंभर वर्षं शिंप्याशिवाय चालली, तिलाच आता शिंपी लागतो. आणि मुमताजची १९६८ ची शिवलेली साडी आठवा. कल्पना तीच, नाव वेगळं.

साडी सणाची आणि कार्यक्रमाची झाली तसा ब्लाऊजही बदलला. मागचा गळा, दोऱ्या, लटकन, आरी वर्क, पॅडेड ब्लाऊज. कित्येकदा साडीपेक्षा ब्लाऊजची शिलाई महाग पडते. याच काळात खणाच्या साड्या गाजल्या. पणजीच्या चोळीचं कापड आता नातीच्या साडीचं झालं. आपल्या विदर्भाची करवतकाठी साडीही पुन्हा मागितली जाते. भंडारा जिल्ह्यातल्या मोहाडी, आंधळगावच्या विणकरांची ती टसरची साडी, काठावर करवतीचे दात. मगन संग्रहालयाचं नैसर्गिक रंगांचं खादी कापडही आज नवीन पिढी आवडीनं घेते.

आणि २०१६ चा "सैराट" विसरू नका. त्यातली आर्ची साध्या ड्रेसमध्ये बुलेट आणि ट्रॅक्टर चालवते. तिच्या कपड्यांची फार मोठी लाट आली नाही, कारण गावातल्या मुली तसे कपडे आधीपासूनच घालत होत्या. यावेळी सिनेमानं गावाकडून घेतलं होतं.

*वहीत लिहा:* आलं: शिवलेली नऊवारी, डिझायनर ब्लाऊज, लहान मुलींचे परकर-पोलके, भाड्यानं कपडे देणं. गेलं: रोजच्या साडीचं काम. रोजच्या वापरात आता कुर्ती, गाऊन आणि लेगिंग.

आता वही उघडा: शंभर वर्षांचा निष्कर्ष

दोन्ही रकाने एकत्र वाचले की एक गोष्ट ठळक दिसते.

पडद्यावरून आलेली फॅशन (ठिपके, जांभळा पोशाख, जान्हवीचं मंगळसूत्र) एक-दोन हंगाम जोरात चालली आणि ओसरली. बाईच्या दिवसातून आलेली फॅशन (गोल साडी, नायलॉन, ड्रेस, कुर्ती) वीस-तीस वर्षं टिकली. ती कशी हिंडते, कशावर बसून जाते, किती वेळात तयार होते, धुणं कोण धुतं, ऊन किती आहे, यावर पोशाख ठरला.

म्हणून "पुढं कोणती फॅशन येणार?" या प्रश्नाऐवजी विचारा, "माझ्या गावातल्या बाईचा दिवस कुठं बदलतोय?"

अल्लीपूरच्या रस्त्यावर उभं राहून बघूया. काय दिसतं?

एक. कापूस वेचणाऱ्या बाईच्या अंगावर साडी, आणि साडीवर नवऱ्याचा जुना फुलबाह्यांचा शर्ट! डोक्याला स्कार्फ. बोंडाची टोकं हाताला ओरबाडतात, ऊन लागतं, म्हणून. याला कोणी फॅशन म्हणत नाही, पण विदर्भातला हा सगळ्यात पक्का, सगळ्यात जास्त वापरला जाणारा पोशाख आहे. तो तिच्यासाठी कोणीच शिवत नाही, ती दुसऱ्याचा जुना वापरते. खांदे सैल, बाह्या लांब, बटणं उलट्या बाजूला, खिसा नको तिथं. तिच्या मापाचा, पातळ सुती कापडाचा, बाही मनगटाला घट्ट बसणारा, मोबाइलला खिसा असलेला "वेचणीचा कोट" कोणी शिवून दिला तर?

दोन. मार्च लागला की स्कूटीवर सनकोट, तोंडाला स्टोल, हातात लांब मोजे. आपल्याकडं पारा ४५ च्या पुढं जातो, त्यामुळं हा शौक नाही, गरज आहे. तयार सनकोट मिळतात, पण बरेचसे ठरलेल्या मापाचे आणि घाम न शोषणाऱ्या कापडाचे.

तीन. दिवसभर घरात गाऊन आणि बाहेर डोकावताना खांद्यावर ओढणी. सासूबाईसुद्धा आता गाऊन घालतात. मग दाराशी, अंगणात, किराणा दुकानापर्यंत जाता येईल असा, ओढणी लागणारच नाही असा गाऊन हवा आहे.

या तिन्ही गोष्टी कुठल्याही सिरीयलमध्ये दिसणार नाहीत. तुमच्या दारासमोरून रोज जातात.

मग करायचं काय? चार पायऱ्या

पायरी १: लाटेचा माल थोडा भरा.
समजा एखाद्या सिरीयलच्या नावाची साडी तुम्हाला ३०० रुपयांना पडते आणि ४५० ला विकते. तुम्ही ५० साड्या आणल्या, गुंतवले १५,००० रुपये. ३० विकल्या, आले १३,५००. सिरीयल संपली, २० पडून राहिल्या. वहीत ४,५०० नफा दिसतो, पण हातात १,५०० रुपये कमीच आहेत, आणि कपाट भरलेलं! तेच पहिल्यांदा १५ आणल्या असत्या तर गुंतवणूक ४,५०० आणि सगळ्या विकून हातात ६,७५०. मग पुन्हा १५ आणा. लाट आहे तोवर घ्या, पण घोटाघोटानं.

पायरी २: पैसा शिकण्यात घाला.
माल जुना होतो, कौशल्य होत नाही. ज्या ताईला १९७० चा घट्ट ब्लाऊज जमला, तिलाच आजचा पॅडेड ब्लाऊज लवकर जमतो. या वर्षी एकच गोष्ट पक्की शिका: शिवलेली नऊवारी, आरी वर्क किंवा अल्टरेशन. तीन अर्धवट शिकण्यापेक्षा एक पूर्ण.

पायरी ३: भाड्याचा विचार करा.
समजा एक शिवलेली नऊवारी कापड-शिलाई धरून १,२०० रुपयांना पडली आणि तुम्ही ती २५० रुपये भाड्यानं दिली. पाच वेळा गेली की १,२५० आले, खर्च निघाला. शाळेचं गॅदरिंग, डोहाळेजेवण, हळद, संक्रांतीचं हळदीकुंकू. गावात इतके कार्यक्रम असतात की वर्षात पाच वेळा ती जाणं अवघड नाही. धुण्याचा खर्च आणि अनामत रक्कम मात्र आधीच ठरवून घ्या, लाजू नका.

पायरी ४: गावाचं कॅलेंडर भिंतीवर लावा.
आपल्याकडं पैसा पगाराच्या तारखेला येत नाही, कापसाच्या गाडीबरोबर येतो. वेचणीचा कोट दिवाळीच्या आधी तयार पाहिजे. सनकोट फेब्रुवारीत. गणवेश मे महिन्यात. महालक्ष्म्यांच्या सणाला मुलींचे परकर-पोलके आणि काठपदराचे ब्लाऊज. तुळशीच्या लग्नानंतर लग्नाचे ब्लाऊज. ज्या महिन्यात गिऱ्हाइकाच्या हातात पैसा नसतो, त्या महिन्यात नमुने शिवून ठेवा.

या आठवड्याचं काम

रविवारी बचत गटाच्या बैठकीत किंवा बाजाराच्या दिवशी पाच बायकांना फक्त एक प्रश्न विचारा: *"दिवसभरात कोणता कपडा तुम्हाला सगळ्यात जास्त त्रास देतो?"* फॅशनबद्दल विचारू नका, त्रासाबद्दल विचारा. कोणी म्हणेल बाही वर सरकते, कोणी म्हणेल खिसा नाही, कोणी म्हणेल गाडीवर ओढणी उडते. उत्तरं त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. जो त्रास पाचपैकी तिघींनी सांगितला, त्याच्यावर एकच नमुना शिवा आणि त्यातल्या एकीला आठवडाभर वापरायला द्या. फुकट द्या, पण बदल्यात खरं मत घ्या. कुठं टोचतं, कुठं उसवलं, धुतल्यावर आटलं का, सगळं विचारा.

ज्या बाईसाठी आजवर नवऱ्याचा जुना शर्ट पुरेसा मानला गेला, तिच्या खांद्याचं माप घेणारी पहिली ताई तुम्ही होऊ शकता. ती हे विसरणार नाही. आणि पुढच्या हंगामात ती एकटी येणार नाही, सोबतच्या चार वेचणाऱ्या बायकांना घेऊन येईल.

पाच उत्तरं मिळाली की खाली कमेंटमध्ये नक्की लिहा. तुमच्या गावातला त्रास वाचून दुसऱ्या गावातल्या ताईला तिचं काम सापडू शकतं. पुढच्या भागात आपण ब्लाऊजच्या शिलाईचा दर कसा ठरवायचा ते बघू, वेळ, दोरा, वीज आणि तुमची मेहनत सगळं धरून.

तोपर्यंत मशीनला तेल घाला, वही जवळ ठेवा.